कुठे बांधायचे नाही, हे आधी ठरवा: जागेशी जुळवून घेणाऱ्या इमारतीची आखणी

मोकळा भूखंड कागदावर चार रेषांचा चौकोन दिसतो. प्रत्यक्षात मात्र पावसाचे पाणी कुठून कुठे जाणार, वारा कोणत्या बाजूने शिरणार, सकाळचे ऊन कोणत्या कोपऱ्यात आधी पोहोचणार आणि कुठे दुपारनंतरही ओल टिकणार, हे सगळे तिथे आधीच ठरलेले असते. इमारत बांधणे म्हणजे या चालत्या व्यवहाराच्या मध्ये जाऊन उभे राहणे होय. त्यामुळे आराखड्याची पहिली रेषा ओढण्यापूर्वी या व्यवहाराची नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीतून सर्वांत आधी हाती लागले पाहिजे ते इमारतीची जागा नव्हे, तर जिथे हात लावायचा नाही ती जागा. पुढे दिलेला क्रम लहान घराला लागू पडतो तसाच शाळेच्या किंवा कार्यालयाच्या इमारतीलाही; फरक पडतो तो मोजणीच्या बारकाव्यात.

जागेवर जाणे आणि नकाशा तयार करणे

एकाच भेटीत जागा कळत नाही. निदान चार भेटी घ्याव्यात: पहाटे, भर दुपारी, सूर्यास्ताच्या सुमारास आणि, जमेल तेव्हा, जोराच्या पावसात. वर्षभर थांबता आले तर उत्तमच. ते शक्य नसेल तर शेजाऱ्यांना विचारावे. मात्र ‘इथे पाणी साचते का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते. ‘सर्वांत मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत आले होते?’ असे विचारले की माणूस हात करून जागा दाखवतो.

लहान भूखंडासाठी १:२०० प्रमाणाचा नकाशा पुरतो. त्यावर हद्द, प्रत्येक झाडाचे खोड आणि फांद्यांचा घेर, उघडे खडक, विहिरी, विजेच्या तारा आणि शेजारच्या इमारती त्यांच्या उंचीसह दाखवाव्यात. पाणी, माती, ऊन, वारा आणि झाडे यांच्या नोंदी वेगवेगळ्या ट्रेसिंग पेपरवर घ्याव्यात, म्हणजे पुढे ते एकावर एक ठेवून पाहता येतात. संगणकावर काम करणाऱ्यांनी वेगवेगळे थर ठेवावेत, पद्धत तीच.

दिशा ठरवताना केवळ होकायंत्रावर विसंबू नये. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते आणि पृथ्वीवर अनेक ठिकाणी ती खऱ्या उत्तरेपासून दहा अंशांहूनही अधिक ढळलेली असते. त्याऐवजी शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी रचण्याच्या भूमितीवरील प्राचीन भारतीय ग्रंथांत, सांगितलेली शंकूची (उभ्या काठीच्या सावलीची) रीत आजही बिनचूक काम करते. सपाट जमिनीवर साधारण एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी आणि तिच्या बुंध्याभोवती, दुपारच्या सावलीपेक्षा मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते तिथे एक खूण आणि दुपारनंतर ते बाहेर पडते तिथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काटकोनात काढलेली रेषा ही खरी उत्तर-दक्षिण.

उतार मोजणे

उतार डोळ्यांनी ठरवणे धोक्याचे असते, कारण आजूबाजूच्या टेकड्या नजरेला फसवतात. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसांनी दर पाच मीटरवर पातळी घेतली तरी लहान जागेचे काम भागते. त्या आकड्यांवरून उंचीच्या दर अर्ध्या मीटरला एक अशा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढाव्यात.

उताराचा सर्वांत मोठा परिणाम इमारतीच्या बैठकीवर, म्हणजे ती जमिनीवर कुठे आणि कशी टेकते यावर, होतो. समजा, जमीन दर दहा मीटरला एक मीटर उतरते आणि इमारत २० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे. लांब बाजू समोच्च रेषांना समांतर ठेवली तर दोन टोकांच्या पातळीत फक्त ०.८ मीटरचा फरक येतो. हीच इमारत फिरवून तिची लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर तो फरक २ मीटर होतो. पहिल्या मांडणीत थोडे खोदकाम आणि एक-दोन पायऱ्या पुरतात, दुसरीत माती अडवणारी उंच धारक भिंत उभारावी लागते आणि त्या भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याची चिंता कायमची मागे लागते. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला पसरून सपाटी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण भराव खचतो, आणि अर्धा पाया मूळ जमिनीवर व अर्धा भरावावर टेकवला की दोन्हींच्या सांध्यावर भिंत तडकते. म्हणून भरावावर अंगण करावे, पाया मात्र न हललेल्या मूळ थरापर्यंत न्यावा.

ढोबळ मानाने, शेकडा दोनपेक्षा कमी उतारावर पाण्याचा निचरा मुद्दाम घडवावा लागतो. शेकडा दहापर्यंतचा उतार सोयीचा असतो. त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करावी लागते आणि शेकडा वीस-पंचवीसच्या वर खांबांवर इमारत उचलावी किंवा ती जागा सोडून द्यावी. उतारावरच्या झाडांकडेही लक्ष द्यावे. बुंध्याशी खालच्या बाजूला वाकून मग सरळ वर गेलेली अनेक खोडे एकाच ठिकाणी दिसली, तर तिथली माती हळूहळू खाली सरकत असण्याची शक्यता मोठी असते. अशा जागी भूतंत्रज्ञाचा (माती-खडकांची तपासणी करणाऱ्या अभियंत्याचा) सल्ला घेतल्याशिवाय काहीही बांधू नये.

पाणी

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, कारण ऊन चुकले तर पडदा लावता येतो, पाणी चुकले तर इमारतच चुकते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांनी बांधलेले फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पूर्ण झाले. नदीला पूर येतो हे ठाऊक असल्यामुळे त्याची फरशी जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंच ठेवली होती. तरीही १९५४, १९९६ आणि २००८ साली पुराचे पाणी घरात शिरले. यातून दोन गोष्टी कळतात. एक, आठवणीतल्या पूररेषेला थोडीशी भर घालून जोते ठरवणे पुरेसे नसते. दोन, नदीच्या वरच्या अंगाला वस्ती आणि फरसबंदी वाढली की खालचा पूर वाढतो, त्यामुळे आपल्या हद्दीबाहेरची जमीनही हिशेबात धरावी लागते.

जागेवर पुराच्या खुणा शोधाव्यात: कुंपणात अडकलेला पालापाचोळा, खोडांवर आणि भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषा, उघडी पडलेली मुळे. आजूबाजूला कोरडे असताना एखाद्या पट्ट्यात लव्हाळ्यासारखी ओल मागणारी वनस्पती दाट वाढलेली दिसली, तर तिथे भूजल वर आहे किंवा झरा आहे असे समजावे. नंतर नकाशावर पाण्याच्या वाटा काढाव्यात. पाणी समोच्च रेषांना काटकोनात छेदून खाली जाते. जिथे या रेषा चढाच्या दिशेने आत वळतात तिथे ओघळ असतो. ओघळ कोरडा असला तरी तो ओघळच असतो, आणि त्यावर इमारत कधीही ठेवू नये.

त्यानंतर हिशेब करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी खाली येते. हे पाणी पूर्वी जमिनीवर पसरून मुरत होते. आता ते दोन-तीन नळांतून एका जागी कोसळणार असते. साठवण टाकी, मुरण्यासाठी उथळ खळगे आणि टाकी भरून वाहिल्यावर पाणी कुठे जाईल ती वाट, या तिन्ही गोष्टी आराखड्यात खोल्यांच्या आधी दाखवाव्यात. उताराच्या वरच्या बाजूने येणारे पाणी इमारतीच्या मागे एक उथळ चर काढून दोन्ही अंगांनी वळवावे आणि खालच्या बाजूला ते पुन्हा पसरू द्यावे. शेजाऱ्याच्या जमिनीत ते एकवटून सोडणे चुकीचे तर आहेच, शिवाय बहुतेक ठिकाणी कायद्यालाही धरून नसते.

माती

माती ओळखण्यासाठी पहिला अंदाज काचेच्या बरणीतून घेता येतो. एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून बरणी जोरात हलवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीला एक दिवस किंवा अधिक. चिकणमातीचा थर जाड आला आणि जमिनीला उन्हाळ्यात रुंद भेगा पडत असल्या, तर ती माती पाण्याने फुगणारी व उन्हाने आकसणारी असू शकते. तिच्यावर उथळ पाया टिकत नाही. पाणी मुरण्याचा वेग पाहण्यासाठी खड्डा आधी पाण्याने भरून भिजू द्यावा, मग पुन्हा भरून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजावे. ही चाचणी खळग्यांची आणि सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची जागा ठरवते. पायासाठी मात्र अभियंत्याकडून रीतसर चाचणी करून घ्यावी. बरणी ही त्याला पर्याय नव्हे.

ऊन: अंदाज नव्हे, हिशेब

सूर्याची वाट आधीच ठरलेली असल्यामुळे तिचा नेमका हिशेब करता येतो, आणि तरीही अनेक आराखड्यांत तो केलेला नसतो. मध्यान्हीला सूर्य दक्षिण क्षितिजापासून किती उंच असेल हे काढण्यासाठी ९० अंशांतून अक्षांश वजा करावा. २१ जूनच्या सुमारास त्यात २३.४ मिळवावे, २१ डिसेंबरच्या सुमारास २३.४ वजा करावे आणि मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी) काहीच करू नये. ही रीत उत्तर गोलार्धासाठी आहे. दक्षिण गोलार्धात जून आणि डिसेंबर यांची अदलाबदल होते आणि खालील मजकुरातील ‘दक्षिण’ भिंतीच्या जागी ‘उत्तर’ भिंत वाचावी.

४० अंश उत्तर अक्षांशावर हे कोन जूनमध्ये ७३.४, विषुवदिनी ५० आणि डिसेंबरमध्ये २६.६ अंश येतात. दक्षिणेकडच्या भिंतीवर छज्जाची सावली किती खाली येईल हे काढायला छज्जाच्या रुंदीला या कोनाच्या स्पर्शज्येने, म्हणजे टॅनने, गुणावे. ०.४५ मीटरचा छज्जा जूनच्या मध्यान्हीला सुमारे १.५ मीटर सावली देतो, म्हणजे दीड मीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये हीच सावली जेमतेम २२ सेंटीमीटर येते आणि उरलेल्या काचेतून ऊन खोलीत खोलवर पोहोचते. २० अंश उत्तर अक्षांशावर थंडीत उबेची गरज कमी आणि उष्णतेचा त्रास अधिक काळ असतो, म्हणून तिथे विषुवदिनाचा ७० अंशांचा कोन धरावा, ०.५५ मीटरचा छज्जा मार्च ते सप्टेंबर हीच दीड मीटरची खिडकी सावलीत ठेवतो. केवळ मध्यान्हीचा हिशेब पुरतो का, अशी शंका येणे रास्त आहे. विषुवदिनी दक्षिण भिंतीच्या संदर्भात सूर्याचा उभा कोन दिवसभर सारखाच राहतो आणि उन्हाळ्याच्या सहामाहीत तो मध्यान्हीलाच सर्वांत कमी असतो. म्हणून भिंत खरोखर दक्षिणाभिमुख असेल आणि छज्जा दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा पुरेसा लांब नेला असेल, तर मध्यान्हीला पुरणारा छज्जा दिवसभर पुरतो.

पूर्व आणि पश्चिम बाजूंना हे गणित कोलमडते. सूर्य २० अंशांवर समोर असताना दीड मीटरची खिडकी झाकायला चार मीटरहून रुंद छज्जा लागेल. म्हणून या बाजूंना खिडक्या कमी आणि लहान ठेवाव्यात, उभ्या पट्ट्या किंवा झडपा लावाव्यात, झाडांची ओळ ठेवावी किंवा जिने, कोठारे आणि स्नानगृहे या बाजूला आणून मुख्य खोल्यांना आडोसा द्यावा. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवण्यामागचे कारण हेच. विषुववृत्ताजवळ मात्र छपरावर सर्वांत जास्त ऊन पडते, त्यामुळे तिथे भिंतींपेक्षा छपराच्या रंगाकडे, उष्णतारोधक थराकडे आणि छपराखालच्या हवेच्या पोकळीकडे आधी पाहावे.

शंका राहिली तर पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी. तिच्यावर त्या अक्षांशासाठी काढलेली छायाघडी चिकटवून प्रतिकृती उन्हात तिरकी करत नेली की वर्षातला कोणताही दिवस आणि कोणतीही वेळ दाखवता येते. ग्राहकाला संगणकावरच्या चित्रापेक्षा हे लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

वारा

जवळच्या हवामान केंद्राचे आकडे प्रदेशाचा वारा सांगतात, आपल्या जागेचा नव्हे. टेकडीचा माथा, दरी आणि शेजारची उंच भिंत वाऱ्याची दिशा बदलतात. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते आणि रात्री थंड होऊन खाली घरंगळते. म्हणून दरीच्या तळाशी आणि उतारावर आडव्या उभ्या असलेल्या भिंतीमागे थंड हवा साठते. एका बाजूला झुकलेले झाडांचे शेंडे हे नेहमीच्या जोरदार वाऱ्याची नोंदवही असतात.

उष्ण आणि दमट हवेत खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींना उघडी (खिडक्या, झरोके) हवीत, आणि अशा दोन भिंतींमधले अंतर खोलीच्या उंचीच्या साधारण पाचपटीहून अधिक नसावे. एकाच बाजूला खिडकी असेल तर दुप्पट-अडीचपटीपुरतीच हवा खेळते. वारा भिंतीवर काटकोनात आदळण्यापेक्षा थोडा तिरका आला तर खोलीभर अधिक चांगला पसरतो, त्यामुळे ऊन आणि वारा यांच्या दिशा जुळत नसतील तर इमारत उन्हाप्रमाणे ठेवून वाऱ्याला उघड्यांच्या जागांनी वळवावे. थंड वारा अडवायचा असेल तर भरीव भिंतीपेक्षा निम्मी सच्छिद्र अशी झाडांची ओळ बरी. भरीव भिंतीमागे भोवरे उठतात, तर सच्छिद्र ओळ तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा सौम्य करते.

छज्जा सर्वत्र चांगलाच, असा नियम मात्र करू नये. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सी रँच या वसाहतीत १९६५ च्या सुमारास बांधलेल्या घरांना मुद्दाम छज्जे ठेवलेले नाहीत, कारण समुद्रावरून येणारा जोरदार वारा ते उचकटण्याचा प्रयत्न करतो. तिथली छपरे वाऱ्याला वर वळवणाऱ्या एकाच उतारात आहेत. ऑस्ट्रेलियातील वास्तुविशारद ग्लेन मर्कट यांच्या १९८४ च्या मॅग्नी हाउसमध्ये लांबट घराची उत्तर बाजू उन्हासाठी उघडी आहे, थंड वाऱ्याची दक्षिण बाजू बरीचशी बंद आहे आणि छपराच्या मधल्या पन्हळीत पावसाचे पाणी गोळा होते. ऊन, वारा आणि पाणी या तिन्ही नोंदींचे उत्तर तिथे एका छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणाऱ्या चित्रात, मिळते.

झाडे

ठेवायच्या झाडाच्या मुळांभोवती जपायच्या वर्तुळाची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या बारापट धरावी; व्यास जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजावा. खोडाचा घेर १२५ सेंटीमीटर असेल तर व्यास सुमारे ४० सेंटीमीटर आणि त्रिज्या ४.८ मीटर. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटीमीटरच्या थरातच असतात, त्यामुळे उथळ चर, मातीचा भराव किंवा यंत्राची एक फेरीही त्यांना घातक ठरते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी वाळते, आणि तोवर कारण विसरलेले असते.

एकावर एक थर ठेवणे

आता सगळे ट्रेसिंग पेपर मूळ नकाशावर ठेवावेत आणि लाल पेन्सिलीने वर्ज्य जागा रंगवाव्यात: ओघळ, पूररेषेखालची जमीन, सरकणारा उतार, झाडांची वर्तुळे, आणि जिथे बसावेसे वाटते अशी सर्वांत सुंदर जागा. शेवटची बाब लोकांना पटत नाही. पण सुंदर जागेवर इमारत ठेवली की ती जागाच नाहीशी होते. तिच्या शेजारच्या रुक्ष, आधीच बिघडलेल्या तुकड्यावर इमारत ठेवली तर तो तुकडा सुधारतो आणि सुंदर जागा समोर उरते. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३० च्या दशकात पेन्सिल्वेनियात फॉलिंगवॉटर हे घर धबधब्यासमोर न ठेवता धबधब्याच्याच वर ठेवले. ते निःसंशय थोर काम आहे, पण त्याचे पुढे आलेले सज्जे वाकत गेले आणि २००२ मध्ये ताणलेल्या पोलादी तारांनी ते सावरावे लागले. निसर्गाच्या इतक्या जवळ जाण्याची किंमत देखभालीत मोजावी लागते, हे आधीच मान्य असेल तरच तो मार्ग धरावा.

लाल रंग सोडून उरलेल्या जागेत दोन किंवा तीन बैठका बसवून पाहाव्यात. प्रत्येकीसाठी मजल्याचा नकाशा काढण्याआधी उताराच्या दिशेने छेदचित्र काढावे, कारण पाणी, सावली आणि हवा या तिन्ही गोष्टी छेदातच दिसतात. उपलब्ध बैठक पुरेशी नसेल तर खोल्यांची यादी कमी करावी, किंवा एका मोठ्या ठोकळ्याऐवजी अंगणाने जोडलेले दोन-तीन लहान भाग करावेत.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या हवेत ३० ते ४० सेंटीमीटर जाडीची मातीची किंवा विटांची भिंत दुपारची उष्णता बऱ्याच तासांनी, रात्री उशिरा आत सोडते आणि ती उपयोगी ठरते. रात्रही उकाड्याची असलेल्या दमट हवेत तीच भिंत त्रास देते आणि तिथे हलके, उंचावरचे, उघडे बांधकाम बरे. स्थानिक साहित्य म्हणजे आपोआप योग्य, असेही नाही. वास्तुविशारद हसन फती यांनी इजिप्तमध्ये लक्सरजवळ १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांनी बांधले. पुढे वाढलेल्या भूजलाने आणि क्षारांनी त्या भिंतींना हानी पोहोचवली, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांतील बहुसंख्यांनी तिथे राहायला जाण्यास नकार दिला. तिथे राहणारी माणसे हाही जागेचाच भाग असतो, आणि त्यांना विचारण्याची वेळ आराखड्याच्या आधीची असते.

बांधकाम चालू असताना

बहुतेक चांगले आराखडे इथे बिघडतात. यंत्र येण्यापूर्वी झाडांच्या वर्तुळांना आणि वर्ज्य जागांना पक्के कुंपण घालावे. दोरी बांधून चालत नाही. वरची १५ ते ३० सेंटीमीटर सुपीक माती वेगळी काढून, दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवून शेवटी परत पसरावी. खालच्या हद्दीवर गाळ अडवणारा बांध पहिल्या दिवशीच घालावा. खडी, सिमेंट आणि मालमोटारी यांची जागा भविष्यातल्या वाहनतळावरच ठरवावी, म्हणजे दाबली गेलेली जमीन एकाच ठिकाणी राहते. हे सर्व ठेकेदाराशी होणाऱ्या कराराच्या नकाशात आकड्यांसह लिहावे.

पहिल्या पावसाळ्यात पुन्हा जागेवर जावे आणि पागोळ्यांखाली माती किती उडते, चरातले पाणी कुठे अडते, खळगे किती तासांत रिकामे होतात ते पाहावे. पागोळ्यांखाली खडीचा पट्टा टाकणे, चराचे तोंड हातभर वळवणे किंवा एखादा खळगा खोल करणे ही कामे या वेळी फावड्याने होतात. फरसबंदी झाल्यावर त्यांनाच ब्रेकर लागतो.